दाजींच्या घरच्या अग्लोनिमा

माझ्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या दिराइतका माणसांच्या बाबतीत बेफिकीर आणि पानांच्या बाबतीत हळवा गृहस्थ अख्ख्या पाटोदा तालुक्यात दुसरा निपजलेला नाही, आणि निपजला असता तर तालुक्यानं दोघांपैकी एकाला तरी बीडला पाठवून दिलं असतं. नात्यानं ते माझे दाजी लागतात. बहिणीचे यजमान हे थोरले दाजी. ते इतके सरळ आहेत की त्यांच्याविषयी दोन ओळींच्या वर लिहिता येणार नाही. हे धाकटे. माझं घर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून आहे. मी शाळेत भूगोल शिकवायला लागलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही, आमची रोजची संध्याकाळ एकत्रच गेली. तरी आजतागायत ते मला 'पाव्हणं' म्हणतात. लोकांना वाटतं हा मान आहे. मला विचाराल तर ही माणसाला त्याची जागा दाखवून देण्याची रीत आहे. तुम्ही आमच्या सुनेकडचे, तुम्ही ओट्यावर बसा, चहा घ्या आणि झाडांना हात लावू नका.

झाडं म्हणजे अग्लोनिमा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरात, सावलीत, बारा महिने हिरवं राहणारं हे शोभेचं झाड आहे. पान अळूच्या जवळच्या नात्यातलं वाटतं, फक्त त्यावर कुणी गुलाबी, कुणी तांबडे, कुणी चंदेरी शिंतोडे उडवलेले असतात. फळाचा उपयोग नाही, वासाचं नाव नाही. फूल येतं तेही असं ओशाळलेलं, की त्यालाही आपण कशाला आलो हे ठाऊक नसावं. शिवाय ते फूल दिसलं की दाजी ते तत्काळ कात्रीनं उडवतात. "फुलात जीव घालवती अन् पानाकडं बघत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या दोन्ही मुलांच्या अभ्यासाकडे या माणसानं इतक्या बारकाईनं पाहिलं असतं तर दोघंही आज कलेक्टर असते. त्यातला एक पुण्यात कंपनीत आहे, दुसरा अंबाजोगाईला औषधांच्या दुकानात, आणि दोघंही आपापल्या अकलेनं तिथवर पोचले.

या प्रकरणाला सुरुवात झाली ती गुडघ्यापासून. दाजींचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्यांना अंबाजोगाईला एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथं नंबर लागायला तीन तास. बसल्या बसल्या दाजींचं लक्ष कोपऱ्यातल्या एका कुंडीकडे गेलं. वरून बल्बचा उजेड, खाली धूळ, मातीत कुणीतरी खोचलेली तिकिटं, आणि तरी ते झाड असं टवटवीत, जणू त्याला कुणी काही बोललंच नाही. दाजी उठले, कंपाउंडरशी बोलले, आणि नंबर पुकारला गेला तेव्हा ते दवाखान्याच्या मागच्या नळावर रुमाल भिजवत होते. रुमालात एक देठ. गाडी सुटेल म्हणून ते तसेच स्टँडवर आले. अक्का अजूनही सांगतात, "गुडघा दाखवाया गेलतो, अन् देठ घेऊन आलो. गुडघा तसाच हाय, देठाचे मात्र बेचाळीस झाले." यात काडीची अतिशयोक्ती नाही. त्या एका देठाची, आणि पुढे कुठून कुठून मागून आणलेल्या त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची, मिळून बरोबर बेचाळीस झाडं दाजींच्या घरात झाली.

आता बेचाळीस झाडांना बेचाळीस कुंड्या लागतात. पण दाजींचं बाजारात भांड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या माळ्यावर मोडलेल्या लग्नांचा मोठा साठा. म्हणजे काय, तर लग्नाच्या आहेराची भांडी ठरली की लोक त्यावर नावं घालून घेतात. दाजी ते नाव घालायचं मशीन स्वतः चालवत, आणि अक्षर असं गोल काढत की माझ्या शाळेत असते तर मी त्यांना फळ्यावर सुविचार लिहायला लावलं असतं. पण नावं घालून झाल्यावर सोयरीक मोडली, तर ती भांडी न्यायला कुणी येत नसे. असे हंडे, घागरी, पातेली, डबे माळ्यावर साठत गेले. दाजींनी त्या सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि त्यात अग्लोनिमा लावल्या. मग ज्या भांड्यावर जे नाव, ते त्या झाडाचं. सौ. विमल गुलाबी पानांची होती. सौ. कुसुमच्या पानांवर चंदेरी रेघा होत्या. एका पितळी घागरीवर नुसतं 'मामांकडून' असं घातलेलं होतं, तर त्या झाडाला घरात सगळे मामाच म्हणत. मी एकदा संध्याकाळी गेलो तर आतून दाजींचा आवाज, "विमलला खिडकीतून उचला, अंग भाजायलंय तिचं! अन् मामाला जरा वळवून ठिवा, एकाच बाजूला कलायलाय." ओट्यावर एक नवा विमा एजंट बसला होता. तो फॉर्म न भरताच निघून गेला.

या झाडांचं एकच दुखणं, पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. चार दिवस घातलं की पानांची टोकं करपतात. नळाचं पाणी कधी येईल ते नगरपंचायतीलाही सांगता येत नाही. तेव्हा कुठून तरी दाजींच्या डोक्यात शिरलं की एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी गोडं असतं. झालं. त्या दिवसापासून पाटोद्यात कुणाकडे एसी आहे, तो कुठल्या भिंतीला आहे, त्याची नळी कुठं उतरते आणि दिवसाला किती गळते, याची दाजी चालती-बोलती खतावणी झाले. बँकेच्या मागं त्यांचा कॅन, मोबाईलच्या दुकानाच्या बोळात त्यांचा कॅन, बाळंतपणाच्या दवाखान्याच्या जिन्याखाली त्यांचे दोन कॅन. रोज दुपारी स्कूटरला पाय टेकवत टेकवत हा माणूस गावभरचे कॅन गोळा करी. आणि नुसतं गोळा करून थांबेल तर ते दाजी कसले! त्यांचा यात अभ्यास होता. भर उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून एसी कमी गळतो, पण खोलीत माणसं दाटली की त्यांच्या श्वासानं जास्त गळतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. मी भूगोलाचा मास्तर, मला हे पटलं, आणि तिथंच मी चुकलो. कारण पुढं दोन महिने ते मला रोज अकरा वाजता बँकेत न्यायचे. "पाव्हणं, चला. जरा श्वास घेऊन येऊ." आम्ही दोघं बाकावर बसायचो. रस्त्यानं ओळखीचं कुणी दिसलं की दाजी दारातून हाका मारायचे, "कावून उन्हात हिंडायलाव? या की आत, पासबुक भरून घ्या!" मॅनेजरला वाटे, हा माणूस बँकेवर जीव टाकतो. त्यानं स्वातंत्र्यदिनाला दाजींचा शाल देऊन सत्कार केला. दाजींनी भाषणात बँकेचे ग्राहक आणखी वाढावेत अशी मनापासून इच्छा व्यक्त केली.

सत्कारावरून आठवलं. आमच्या भागात सभा-समारंभांना तोटा नाही. मंचाच्या कडेला कुंड्या मांडायची पद्धत आहे, आणि पाटोद्यात मांडण्यासारख्या कुंड्या फक्त दाजींकडे. त्यामुळे कुठल्याही पक्षाचा माणूस कुंड्या मागायला यायचा, दाजी कुणालाही नाही म्हणायचे नाहीत, मात्र सोबत स्वतः जायचे आणि पहिल्या रांगेत झाडांसमोर पहारा देत बसायचे. एका आठवड्यात तीन पक्षांच्या सभांत हा माणूस पहिल्या रांगेत! लोकांनी नमस्कार करायला सुरुवात केली. वक्ते भाषणाच्या सुरुवातीला यांचं नाव घेऊ लागले, कारण नाव नाही घेतलं तर कुठं माशी शिंकेल याचा कुणाला अंदाज येईना. कळस झाला तो एका मोठ्या पुढाऱ्याच्या सभेत. साहेबांनी भाषणाच्या मध्येच चूळ भरली आणि शेजारच्या हंड्यात टाकली. दाजी ताडकन उभे राहिले आणि हजार माणसांत ओरडले, "ओ साहेब! हे चालणार न्हाई! आमी हे खपवून घेणार न्हाई!" मागून टाळ्या पडल्या. साहेबांना वाटलं हा पाण्याच्या प्रश्नावर विरोध आहे. एका अर्थानं तो होताही. त्यांनी तिथल्या तिथं तळ्याचा गाळ काढण्याचं आश्वासन दिलं. पुढं निवडणुकीला दोन पक्षांनी दाजींना तिकीट देऊ केलं, आणि दोघांनाही त्यांनी एकच उत्तर दिलं. "सौ. कुसुमची माती बदलायची हाय, मला सवड न्हाई."

झाडं वाढली की त्यांना बाजूनं पिलं फुटतात. ती पिलं दाजी लोकांना द्यायचे. इथं 'द्यायचे' हा शब्द नीट समजून घ्या. विकायचे नाहीत. भेट देणं तर मुळीच नाही. ते झाड देत, म्हणजे जशी आपल्याकडे मुलगी देतात, तसं. आधी घर बघायला जात. बैठकीत बसून चहा पिता पिता नजर छताकडे, खिडकीकडे. "ऊन कुठून येतंय? पाणी कोण घालणार? घरात विसरभोळं कोण हाय?" विसरभोळं माणूस असणं ही त्यांच्या लेखी मोठी जमेची बाजू. तहानेनं एक अग्लोनिमा मेली तर जास्त पाण्यानं दहा मरतात, असा त्यांचा अनुभव. ज्या घरातल्या बाईला सारखी झाडाची दया येते ते घर बाद. पसंती झाली की दिवस ठरवून झाड पोचवायचं, सोबत एसीच्या पाण्याची एक बाटली. आणि दिल्यावर दर महिन्याला बघायला जायचं. दाजींच्या स्कूटरचा आवाज आला की त्या त्या घरात धावपळ उडे. कुणी ओल्या फडक्यानं पानं पुसतंय, कुणी कुंडीत विझवलेली उदबत्ती उपसून फेकतंय. दाजी आत यायचे, कुणाची ख्यालीखुशाली न विचारता दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसायचे, ते नाकाशी न्यायचे आणि मगच बसायचे.

एका ठेकेदाराच्या घरी दिलेल्या झाडाची गोष्ट तर अजून सांगतात. घरी गावाकडून ठेकेदाराची आई आली होती. आमच्याकडे अळूच्या पानाला चमकुरा म्हणतात. म्हातारीनं कोपऱ्यात ते रंगीत पान पाहिलं आणि तिला वाटलं, शहरातला चमकुरा असाच गुलाबी येत असणार. तिनं सहा पानं खुडली, बेसन लावून गुंडाळ्या केल्या, वाफवून तळल्या, आणि सगळ्या घरानं पहिला घास तोंडात टाकला. पुढचे दोन दिवस त्या घरात कुणी बोललं नाही. जिभा सुजल्या, घसे खाजले, ताकाच्या घागरी रिकाम्या झाल्या. बातमी कळताच दाजी तिथं पोचले. सगळं घर तोंडावर ओली फडकी धरून बसलेलं. दाजींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "किती पानं तोडली?" ठेकेदारानं सहा बोटं दाखवली. दाजींनी झाड उचललं, काखेत घेतलं, आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "नांदवायची नव्हती तर सरळ सांगायचं व्हतं. असं हाल कावून केले लेकराचे?" वर्षभर ते झाड माहेरीच होतं.

आता तुमच्या मनात आलं असेल की इतक्या जवळच्या माझ्याकडे किती अग्लोनिमा असतील. एकही नाही. यातच माझं सगळं दुःख आहे. तीस वर्षं रोज भेटणारा माणूस, बँकेत ज्याच्यासाठी मी फुकट श्वास घेतले तो माणूस, गावातल्या न्हाव्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना झाड देत होता आणि मला देत नव्हता. पहिल्यांदा मागितलं तेव्हा म्हणाले, "तुमची खिडकी पश्चिमेला हाय." मी खिडकीला जाड पडदा लावला. पुन्हा मागितलं तर म्हणाले, "तुमच्या मंडळींचा हात लई मायाळू हाय, पाणी घालून मारतील." मी हे बायकोला सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशीच मायाळूपणानं वागली नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुमी मास्तर माणूस. तुमच्या आवाजानं झाडाला चैन पडणार न्हाई." हेही मी गिळलं, कारण बोलताना माझा आवाज चढतो हे खरं आहे. पण चौथ्यांदा त्यांनी जे काढलं त्याला तोड नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पाव्हणं, तुमची भैन आमच्या घरात दिलेली. आता आमी आमचं लेकरू तुमच्या घरात द्यायचं, म्हंजे साटंलोटं झालं. आमच्यात साटंलोटं करत न्हाईत." मी संतापून म्हणालो, "दाजी, झाड आहे ते!" तर ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच काहीतरी चावट बोललो.

पण मला ते झाड हवं होतं. खरं सांगतो, झाडाचं मला फारसं कौतुक नाही. मला विमल आणि कुसुममधला फरक चष्मा लावूनही कळत नसे. मला हवं होतं ते त्या मोजक्या घरांत आपलं घर असणं. महिन्यातून एकदा दाजींनी माझ्याही घरी रुबाबात यावं, मातीत बोट खुपसावं, आणि मान हलवून म्हणावं की हो, इथं ठीक चाललंय. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं? मित्र म्हणायला मला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आणि मित्राच्या यादीत आपण आहोत की नाही, हे असं साठीनंतर कळेनासं व्हावं, याचा त्रास होतो.

मग पुण्याचं निघालं. पुण्यातल्या मुलाला मुलगी झाली, सून नोकरीची, अक्कांनी तिकडे येऊन राहावं असं ठरलं, आणि अक्का गेल्या तर दाजी इथं जेवणार काय? दुकान भाड्यानं द्यायचं नक्की झालं. राहता राहिली बेचाळीस झाडं. पुण्याच्या त्या फ्लॅटला एकच गॅलरी, तीही दिवसभर तापणारी. त्यामुळे एका महिन्यात सगळ्या झाडांची सोय लावायची होती. एका महिन्यात बेचाळीस लेकी उजवायच्या म्हणजे काय ते तुम्हीच कल्पना करा. दाजींचा गुडघा आता स्कूटरला किक मारू देत नव्हता, म्हणून मी माझ्या मोटरसायकलवर त्यांना घरोघर हिंडवलं. चौसाळ्याच्या एका धाब्यापर्यंत गेलो. तिथला मालक झाडाला नकार देत होता, तर दाजींनी त्याच्या गल्ल्यामागचा कोपरा बघून त्यालाच समजावलं, "तुमी नगं म्हणू नका, तुमच्या कोपऱ्याचं नशीब हाय." रोज एक-दोन झाडं कमी होत होती. घरातल्या पायऱ्या रिकाम्या होत होत्या, आणि मी मनात मोजत होतो. मला खात्री होती. हा माणूस शेवटचं झाड माझ्यासाठी राखून ठेवतोय.

त्या खात्रीपोटी मी घरात एसी बसवला. बायको आधी खूश झाली, मग तिला कारण कळलं. "इतकी वर्षं मी घामानं निथळायले," ती म्हणाली, "माझ्यासाठी न्हाई बसवला, अन् त्या आळूच्या पाल्यासाठी बसवला?" मी चपला घालून बाहेर पडलो. दाजींना घर दाखवायला बोलावलं. ते आले, एसीखाली बसले, मग मागच्या अंगणात जाऊन नळीखाली ओंजळ धरून उभे राहिले. दोन मिनिटांनी हात पुसत आत आले आणि म्हणाले, "पाणी चांगलं हाय." मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

शेवटचं झाड मामा, पितळी घागरीतला, सगळ्यांत जुना, त्या पहिल्या देठाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करायला स्टँडजवळच्या सलूनमध्ये गेलो, तर समोर आरशाखाली मामा! न्हावी फुशारकीनं सांगू लागला, "काल सांजच्याला दाजी स्वतः घेऊन आले. म्हणले, तुझ्याकडं दोन्हीकडून आरसे हायेत, त्याला सोबत व्हईल." अर्ध्या साबणानं मी उठलो. घरी येऊन उरलेली दाढी स्वतः केली आणि दोन ठिकाणी कापून घेतलं. महिनाभर त्या सलूनची पायरी चढलो नाही. दाजींना निरोप द्यायला स्टँडवर मात्र गेलो, कारण न जाणं शोभलं नसतं. अक्कांची पिशवी चढवली, दाजींशी पावसापाण्याचं बोललो, गाडी सुटली, हात हलवला. झाडाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. पण घरी परतताना मी चिडलेलो नव्हतो, मला वाईट वाटत होतं.

सात-आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. दुकानाच्या कागदावर सही करायची होती, सकाळच्या गाडीनं येऊन चारच्या गाडीनं परत जाणार होते. मी राग सोडलेला नव्हता, पण तयारी केली. बेचाळीस घरांची यादी काढली, कुठून कुठं जायचं त्याचा नकाशा आखला, शेवटी भूगोल कधीतरी कामाला यायचाच. गाडीत पेट्रोल भरलं. दाजी आले. पुण्यात थोडे वाळले होते. सही अकराच्या आत उरकली आणि ते थेट माझ्या घरी येऊन बैठकीतल्या पलंगावर टेकले. मी म्हणालो, "निघायचं का? धाब्यापासून सुरुवात करू." ते म्हणाले, "बसा की जरा." बायकोनं जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी आणि पिठलं त्यांनी असं खाल्लं की वाटावं, पुण्यात बहुधा त्यांना खायलाच देत नसावेत. जेवल्यावर ते पलंगावर आडवे झाले आणि नातीविषयी बोलू लागले, तिला कसे दोन दात आलेत, पुण्यातल्या गॅलरीतून कशी फक्त दुसऱ्याची गॅलरी दिसते. मग डोळा लागला. दोन वाजले. मी किल्ली हातात घेऊन समोर बसलो होतो. तीन वाजता मला राहवलं नाही. हलवून उठवलं आणि म्हणालो, "दाजी, एक तास राहिला. झाडं बघायची ना? लोक पानं पुसून वाट बघत असतील."

ते उठून बसले, चष्मा लावला. माझ्या हातातली यादी घेतली, घडी घातली आणि मलाच परत दिली. "झाडं हायेत तिथं ऱ्हातील," ते म्हणाले. "पाव्हणं, तुमी मनातून रागावलाव, ठाव हाय मला. सलूनवाल्यानं सांगितलं. पर मला सांगा, या गावात ज्याच्या ज्याच्या घरी मी जायचो, ते झाड बघाया जायचो. आत गेलो की बोट मातीत. कुणाच्या तोंडाकडं धड बघितलं न्हाई. लोकबी मला बघून पानं पुसायचे. एक तरी घर असं पायजे व्हतं, जिथं काय बघायचं न्हाई, नुसतं जायाचं अन् माणसापाशी बसायचं. म्हणून तुमाला न्हाई दिलं. तुमाला दिलं असतं तर आज मी इथं बसलो असतो व्हय? त्याची पानं बघत बसलो असतो."

इतक्या वर्षांचा जोपासलेला राग एका दमात निघून गेलेला मला मुळीच आवडला नाही. काहीतरी टोचून बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण बोलता बोलता रडलो असतो तर त्यांनी ते गावभर सांगितलं असतं. मला इतकंच कळलं की बेचाळीस घरांतल्या कुणाला न मिळालेलं काहीतरी मला तीस वर्षं मिळत होतं आणि मी पडदे लावत बसलो होतो. घड्याळात साडेतीन झाले होते. स्टँडवर जायचं तर आत्ताच उठायला हवं होतं. मी किल्ली खिशात टाकली आणि म्हणालो, "दाजी, साडेपाचलाही एक गाडी आहे."

"आसंल की," ते म्हणाले, आणि पाय पुन्हा पलंगावर घेतले.